स्वस्त पाच एकर दिसले म्हणून लगेच घेऊ नका: कोलोरॅडोची कॉस्टिला काऊंटी कशी तपासायची

अमेरिकेत राहून शेत-घर-कोंबड्या करायचं डोक्यात घेतलं की यूट्यूबवर हमखास कॉस्टिला काऊंटी दिसते, पाच एकर एकदम स्वस्तात, मागे डोंगर, वा. पण थांबा, आधी पाणी बघा. ही काऊंटी सॅन लुईस खोऱ्यात येते, आणि तिथे वर्षाला जेमतेम १८-२० सेंमी पाऊस पडतो, म्हणजे आपलं माण-खटाव पण श्रीमंत वाटेल, आणि बोअर मारलं की झालं असंही नाही, तिकडे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असतो, ३५ एकरांच्या खाली बहुतेक वेळा घरातल्या वापरापुरतंच परमिट मिळतं. म्हणजे बाहेर नळी ओढून टोमॅटोला पाणी घातलं तरी नियमाबाहेर! छपराचं पाणी साठवायचं तर साध्या घराला दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, बास. त्यामुळे परमिट कुठलं ते कागदावर बघा, एजंट तोंडी काहीही सांगतो.

मग उंची. खोऱ्याचा तळच साडेसात हजार फुटांवर, दव न गोठणारे दिवस साधारण तीन महिने, बटाटा मस्त होतो, मिरची मात्र ग्रीनहाऊसमध्येच.

२०१८ मध्ये याच काऊंटीतल्या फोर्ट गार्लंड गावाजवळ 'स्प्रिंग फायर' नावाचा वणवा लागला, लाखाहून जास्त एकर जळाले. म्हणून डोंगराकडच्या प्लॉटला बाहेर पडायला दोन रस्ते आहेत का हे स्वतः गाडी घेऊन बघा, तेही फेब्रुवारीत, जूनमध्ये सगळंच छान दिसतं. आणि तिथून खोऱ्यातल्या अलामोसा शहराच्या हॉस्पिटलपर्यंत किती वेळ लागतो, घड्याळ लावून मोजा.