वेअरेबल ब्रेस्ट पंप: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पंप लावून वीस मिनिटं झाली आणि कपाचा तळसुद्धा झाकला नाही. घरात निदान तयारच असतं: दूध आटलं, अळिवाचे लाडू द्या. लाडू जरूर खा, पण आधी फ्लँजचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचं, माप बघा. ब्रामध्ये बसणाऱ्या या पंपांची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

माप न घेता खरेदी

बऱ्याच पंपांसोबत २४ मिमीचा फ्लँज येतो आणि अनेकजणींना तो मोठा होतो. स्तनाग्राची रुंदी बुडाशी, मिमीच्या पट्टीने मोजा. भोवतीचा काळसर भाग त्यात धरायचा नाही. पाजून झाल्यावर लगेच मोजू नका, तेव्हा माप फुगलेलं येतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, फरक निघतो. १६ मिमी भरलं तर १७ ते १९ मिमीचे इन्सर्ट (फ्लँजचं तोंड लहान करणाऱ्या रिंगा) लावून बघा. फ्लँज मोठा असेल तर काळसर भागही आत ओढला जातो, सुजतो आणि दूध अडतं. लहान असेल तर निपल कडेला घासून पांढरं पडतं.

म्हणून डब्यावरच्या सक्शनच्या आकड्याला भुलू नका. सोसेल त्याच लेव्हलवर दूध नीट येतं, दुखलं की पान्हाच फुटत नाही. दुकान कोल्हापुरात राजारामपुरीतलं असो की ऑनलाइन, तीन गोष्टी विचारा: लहान इन्सर्ट मिळतात का, व्हॉल्व्ह आणि डायफ्राम (ओढ तयार करणारे मऊ रबरी भाग) सुटे मिळतात का, आणि सांगितलेली किंमत एका पंपाची की जोडीची. सीलबंद डबा उघडला की सहसा कुणी परत घेत नाही.

ओढ कमी झाली की मोटरला दोष

फ्लँज तळहातावर दाबून पंप चालू करा. तिथे ओढ जाणवली तर मोटर ठीक आहे, पंप छातीवर नीट टेकत नाहीये. हातावरही ढिला वाटला तर डकबिल व्हॉल्व्ह काढून उजेडात धरा. चोचीसारखी फट आपोआप मिटायला हवी. ती उघडी राहत असेल किंवा फाटली असेल तर नवा व्हॉल्व्ह लावा. दिवसातून तीन-चारदा पंप करत असाल तर दोन महिन्यांच्या आतच तो सैल पडू शकतो. फटीत ब्रश घालून घासणं हे फाटण्याचं नेहमीचं कारण. डायफ्रामची कड एका जागी जरी उचललेली राहिली तरी हवा शिरते आणि मोटरचा आवाज बदलतो.

ब्रा आणि हालचाल

घट्ट ब्रा कप छातीत दाबते, गाठी होतात. सैल ब्रामध्ये कप सरकतो. लावताना किंचित पुढे झुका, निपल मधोमध धरा, मग ताठ बसा. पहिली दोन मिनिटं स्टिम्युलेशन मोड (पान्हा फोडणारी हलकी, जलद ओढ), पान्हा फुटला की एक्स्प्रेशन (दूध काढणारी संथ ओढ). हँड्स-फ्री म्हणजे वाकून फरशी पुसता येईल असं नव्हे. खाली वाकलं की बहुतेक कप सांडतात. खड्ड्यांतून स्कूटर चालवतानाही नकोच. काढल्यावर छाती जड वाटली तर दोन-तीन मिनिटं हाताने दूध काढा. लाल, गरम गाठ आणि ताप असेल तर डॉक्टरांकडे जा.

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल आणि दूध अजून नीट यायला लागलं नसेल, तर सुरुवातीला फक्त या पंपावर विसंबू नका. तिथे हॉस्पिटल-ग्रेड, म्हणजे दवाखान्यात वापरतात तसा, पंपच हवा.

शिफ्ट, ऊन आणि पाऊस

गोकुळ शिरगाव किंवा कागल एमआयडीसीत कामाला असाल तर लक्षात ठेवा: बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विश्रांती कायद्याने मिळतात. ताजं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, पण एप्रिल-मे महिन्यांत शेडमध्ये तो हिशेब धरू नका. गोठवलेले आइसपॅक घातलेल्या बॉक्समध्ये २४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. बाळाने उष्टं ठेवलेलं दूध २ तासांनंतर टाकून द्या.

दूध लागणारे भाग प्रत्येक वेळी सुटे करून वेगळ्या पातेल्यात धुवा. मोटर कधीही पाण्याखाली धरायची नाही. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात भाग लवकर वाळत नाहीत. ओलेच डब्यात बंद केले की काळे ठिपके धरतात. स्वच्छ कापडावर पसरून पंख्याखाली ठेवा, कापडाने पुसू नका. रात्री एकदा ५ मिनिटं उकळा, पण त्याआधी कोणता भाग उकळायचा नाही ते माहितीपत्रकात बघून घ्या.