पुरुमेंत भरा, पण मिठाकडे लक्ष ठेवून
मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून सुकी सुंगटं (कोळंबी), बांगडे घेऊन पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करणाऱ्या घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल, तर एक हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. पेजेबरोबर खारा बांगडा, तोंडी लावायला मिठातलं तोर (कैरी) आणि एक पापड घेतला की यातलं बरंचसं सकाळीच संपतं.

सुकं सोडा असं मी म्हणणार नाही; गोंयकाराला ते सांगून उपयोगही नाही. खारा बांगडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला. मीठ सगळं जात नाही, पण बरंच उतरतं. किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली कोशिंबीर, करताना सुंगटं कमी आणि खोबरं, कांदा जास्त घ्या, वरून मीठ घालूच नका. सोलकढीत आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, चव बघितल्याशिवाय डब्यात हात घालू नका. आमच्याकडे हीच चूक वर्षानुवर्षं होत होती.

‘कमी सोडियम’वालं मीठ डॉक्टरांना विचारूनच आणा. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना आणि प्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं.

संध्याकाळी अर्धा तास भरभर चाला. पाऊस असेल तर बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) फेऱ्या मारा. आणि प्रेशर उतरलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.