‘हात सोडा’ म्हणजे नक्की काय करायचं?

योगवर्गाच्या दुसऱ्याच दिवशी शवासन चालू असताना शिक्षिका माझ्याजवळ आल्या, उजवा हात मनगटाशी धरून वीतभर वर उचलला आणि म्हणाल्या, "हात सोडा."

मी म्हणालो, "सोडलाय."

त्यांनी आपली बोटं काढून घेतली. हात तिथंच राहिला, हवेत. डोळे मिटलेले, त्यामुळे मला वाटत होतं की त्यांनीच धरलाय. थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "डोळे उघडून बघा बरं, कोणी धरलाय ते."

मी गेलो होतो मान आखडते म्हणून. दिवसभर पडद्यासमोर बसायचं काम. आसनं शिकू, मान मोकळी होईल, एवढाच हिशेब होता. शेवटची दहा मिनिटं नुसतं पडायचं हे मला वेळ भरून काढण्यासारखं वाटायचं. त्या हवेतल्या हातानंतर कळलं की मला पडता येत नाही. नुकतंच सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय ते त्या पडण्याबद्दलच. आसनं शिकवणारे पुष्कळ भेटतील.

पहिली अडचण अशी की सैल म्हणजे कसं वाटतं हेच ठाऊक नसतं. आवळलेला स्नायू वर्षानुवर्षं तसाच असला की तोच आपल्याला नेहमीचा वाटायला लागतो. इथं मला एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची रीत कामाला आली. १९२९ साली त्यांनी क्रमाक्रमानं स्नायू शिथिल करण्याची पद्धत पुस्तकरूपानं मांडली. मूळ पद्धत फार सावकाश चालणारी आहे, पण आज सगळीकडे शिकवतात ती सोपी आहे: आधी मूठ पाच-सात सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहायचं की काय बदललं. तळहातात ऊब येते, बोटं जड होतात. मग दंड, खांदे, कपाळ, पोट, मांड्या, पाऊलं. फार जोरात आवळू नका, पोटरीत गोळा येतो. मला आलाय, आणि शांत वर्गात ओरडलोही आहे.

हात-पाय पंधरवड्यात जमले. जबडा मात्र महिनोन्‌महिने दाद देईना. ओठ मिटलेले ठेवून वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे करून बघा. आता जीभ कुठं आहे? बहुतेक टाळूला चिकटलेली असेल. ती खाली सोडली की घशापर्यंत काहीतरी ढिलं पडतं. मी दिवसातून दहा वेळा तरी कामाच्या मध्येच हे तपासतो, आणि दहापैकी आठ वेळा दात आवळलेलेच सापडतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. "दीर्घ श्वास घ्या" असं जो तो सांगतो, म्हणून मी छाती फुगवून हवा भरायचो आणि चक्कर आल्यासारखं व्हायचं. खरी कामगिरी सोडलेल्या श्वासाची असते. हे कोणाच्या शब्दावर विश्वासून मानायची गरज नाही. शांत बसा, मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. घेताना ठोके जरा भराभर पडतात, सोडताना लांबतात. मेंदूतून निघून हृदयापर्यंत आणि खाली पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवरतो, आणि त्याचा जोर सोडत्या श्वासात वाढतो. म्हणून मी चार आकड्यांत घेतो, सहा आकड्यांत सोडतो. हे करताना दम लागायला लागला तर आकडे कमी करायचे. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा प्राणायाम, नवशिक्यांना लवकर जमते त्याचं कारणही हेच असावं: गुंजारव करायचा म्हटलं की श्वास आपोआप लांबतो.

आता माझा मूर्खपणा. पाचव्या आठवड्यात पश्चिमोत्तानासन चाललं होतं. शेजारच्या बाईंचं कपाळ गुडघ्यांना टेकलेलं. मी श्वास रोखला, पायाचे अंगठे पकडले आणि हिसका दिला. बैठकीच्या हाडापाशी काहीतरी चटकलं. त्यानंतर दीड महिना खुर्चीत बसताना एका बाजूला कलून बसत होतो. त्या काळात आसनं बंद, म्हणून वाचन झालं. पतंजलींच्या योगसूत्रांत १९५ सूत्रं आहेत, त्यांतली आसनाबद्दलची फक्त तीन. पहिलं सगळ्यांना पाठ असतं: ‘स्थिरसुखमासनम्’. पुढच्या सूत्राकडे मात्र कोणी बघत नाही. त्यात आसन साधायचे दोन उपाय दिलेत, त्यांतला पहिला ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल करणं. मी जे शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवत होतो, ते आसन चालू असतानाच करायचं होतं.

तेव्हापासून कुठल्याही आसनात मी एवढंच तपासतो: श्वास लांबवता येतोय का, आणि चेहरा आवळला गेलाय का. आवळला असेल तर तिथून दोन बोटं मागं यायचं. मांडीमागचे स्नायू आखूड असतील तर गुडघे वाकवा, पायांत पट्टा अडकवा, बसायला खाली चादरीची घडी घाला. पट्टे, ठोकळे, लोड, खुर्च्या यांचा पद्धतशीर वापर बी. के. एस. अय्यंगार यांनी रुजवला. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

शवासनाची मांडणी करायला पाच मिनिटं गेली तरी चालतील. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. कंबर जमिनीवर नीट टेकत नसेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळी ठेवा, हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी बदल. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी. अंगावर चादर घ्याच, पडून राहिलं की अंग गार पडतं. पाय फाकलेले, तळवे वर, हात अंगापासून सुटे. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत उताणं न पडता डाव्या कुशीवर. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात या आसनाला ‘श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’ म्हटलंय: थकवा घालवणारं आणि चित्तालाही विश्रांती देणारं. अंग निजवलं की मन आपसूक निजेल असं मात्र समजू नका. पहिले कित्येक दिवस मला शवासनात न केलेली कामंच आठवायची.

अशा मनाला काहीतरी उद्योग लागतो, आणि योगनिद्रा, म्हणजे पडल्या पडल्या कोणाच्या तरी सूचना ऐकत सैल होत जाणं, तो पुरवते. आज शिकवतात तो साचा बराचसा बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी बसवला. शरीराच्या एकेका भागावर मंत्र ठेवण्याच्या जुन्या न्यासविधीतून त्यांनी तो घेतला. आधी संकल्प, मग लक्ष अंगभर फिरवायचं: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, असं करत उजवी बाजू, डावी बाजू, पाठ, पोट, चेहरा. त्यानंतर श्वास मोजणं, जडपणा-हलकेपणा, थंडी-ऊब, मग चित्रं. साधारण वीस ते पंचेचाळीस मिनिटं. आवाज इतक्या वेगानं पुढं जातो की बोटावर विचार करत बसायला सवड मिळत नाही. सुरुवातीला वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण पुरे, आणि ज्याचा आवाज खटकत नाही असंच निवडा. मी एक गोड-गोड आवाजाचं आठवडाभर ऐकलं आणि रोज जास्त चिडून उठलो.

झोप लागणार. मी घोरलोही आहे, शेजाऱ्यांनी पायानं ढोसलंय. वाईट वाटून घेऊ नका, झोप कमी पडत असेल तर शरीर ती आधी वसूल करतं. तिच्या उंबऱ्यावर पाय एकदम झटकला जातो, तेही नेहमीचंच. झोप टाळायची असेल तर कोपरापासून हात उभा ठेवा, डुलकी लागली की तो पडतो आणि जाग येते. (माझा हवेतला हात असा एकदाचा कामाला लागला.)

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: काहींना सैल पडल्यावर उलट धडधडतं, रडू येतं, कोंडल्यासारखं होतं. तसं झालं तर डोळे उघडा, कुशीवर वळा, उठून बसा. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून, भिंतीला टेकून करा. वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर कपालभाती, श्वास रोखणं आणि डोकं खाली करायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. वर्गात अर्धवट माहितीचे सल्ले फुकट मिळतात.

मान अजून आखडते, पण आता आखडायला लागल्याचं अकराच्या सुमारास कळतं. पूर्वी संध्याकाळी डोकं दुखायला लागल्यावर कळायचं.

शवासनातून बाहेर येताना घाई केली तर उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी हातापायांची बोटं हलवा. गुडघे दुमडा, एका कुशीवर वळा, चार-पाच श्वास तिथंच काढा. मग तळहात जमिनीवर रेटून उठा, डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ दे. मोबाइल बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतो, तो आणायला जाण्याआधी मी चादरीची घडी घालतो.