रावीवरचा शेरा वाचताना या चुका टाळा

हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या बोलण्या-वागण्याची हकीकत, पुढे सांगणाऱ्याला रावी म्हणतात. जुन्या ग्रंथांत त्याच्यावर एकदोन शब्दांचा शेरा असतो: सिका (भरवशाचा), सदूक (खरं बोलणारा, पण सिकाच्या एक पायरी खाली), जईफ (कच्चा). बरेच जण तेवढाच उचलून निकाल लावतात आणि तिथेच फसतात.

माणूस नेक, म्हणजे रावीही भरवशाचा, असं धरू नका. ‘नेक माणसं हदीसमध्ये जितकं खोटं बोलतात तितकं कशातच नाही,’ असं रावींची पारख करणारे जुने विद्वान याह्या अल-कत्तान म्हणत. हदीससंग्रह करणारे इमाम मुस्लिम यांनी खुलासा केला की ते मुद्दाम बोलत नाहीत, तोंडून जातं. म्हणून सचोटीबरोबर ‘जब्त’ही पाहत, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं राखणं.

जब्त तपासायची एक तऱ्हा इराकच्या कूफा शहरात दिसली. रावींचे पारखी याह्या इब्न मईन यांनी तिथले रावी अबू नुऐम यांच्या तीस हदीस कागदावर उतरवल्या आणि दर दहांमागे एक परकी घुसडली. सोबतचे विद्वान इमाम अहमद ‘नको’ म्हणत होते. वाचन सुरू झालं. पहिल्या परक्या हदीसला अबू नुऐम म्हणाले, ही माझी नाही, खोडा. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर कावा कुणाचा हे त्यांनी ओळखलं आणि इब्न मईनना लाथ घालून ओट्यावरून खाली पाडलं. इब्न मईन खूश! म्हणाले, ही लाथ मला सगळ्या प्रवासापेक्षा प्यारी.

शेऱ्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. ‘ला बअस बिही’, म्हणजे हरकत नाही, हे आपल्याला काठावर पास वाटतं; पण इब्न मईन यांनीच सांगून ठेवलंय की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ सिका. उलट हदीससंग्राहक इमाम बुखारींचं ‘फीहि नजर’, म्हणजे ‘याच्याबाबत विचार करावा लागेल’, ऐकायला मवाळ, पण बहुतेक वेळा रावी त्यात बाद होतो.

एकच माणूस कुठे चालतो, कुठे नाही. रावी अता बिन साइब यांची स्मृती उतारवयात बिघडली. शुअबा आणि सुफयान सौरी या शिष्यांनी त्याआधी ऐकलेलं घेतात, नंतरच्या शिष्यांचं जपून. दुसरे रावी इस्माईल बिन अय्याश शामच्या (सीरियाकडच्या) लोकांकडून सांगतात तेव्हा ठीक, हिजाजवाल्यांकडून (मक्का-मदिनेकडच्या) सांगतात तेव्हा कच्चे.

आणि जहबींच्या ‘मीजान’ या, आक्षेप घेतलेल्या रावींच्या ग्रंथामध्ये नाव सापडलं म्हणून रावी जईफ ठरवू नका. कुणी विनाकारण बोट ठेवलेल्या चांगल्या रावींनाही त्यांनी मुद्दाम त्यात घेतलंय, त्यांची बाजू मांडायला.