विद्यापीठ आणि संग्रहालय: भागीदारी टिकवायची तर आधी एक टेबल मांडा

सामंजस्य करारावर सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. पुढच्या वर्षी ती फाइल कुठल्या कपाटात आहे हेही कुणाला सांगता येत नाही. विद्यापीठातला विभाग आणि संग्रहालय यांच्यात असं वारंवार होतं, कारण भागीदारी म्हणजे प्रत्यक्षात दोन माणसांची ओळख असते. एकाची बदली झाली की कारभार आटोपला. म्हणून सुरुवात कराराने करू नका. संग्रहालयात दर शनिवारी प्रेक्षकांसाठी मांडायच्या एका टेबलाने आणि ते सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाळीच्या तक्त्याने करा.

खाली भूशास्त्र विभागाचं उदाहरण धरलं आहे, कारण महाराष्ट्रात त्याचं साहित्य पायाखालीच मिळतं. विषय दुसरा असला तरी चौकट हीच.

टेबल

चार बाय दोन फुटांचं लाकडी टेबल आणि त्यावर काळं कापड, म्हणजे पांढरे स्फटिक उठून दिसतात. बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचे, मुठीएवढे तीन तुकडे घ्या: एक घट्ट, एक पोकळ्यांत झिओलाइट (पांढरट स्फटिकांची खनिजं) भरलेला, एक झिजून तपकिरी पडलेला. कोकणात जांभ्याचा तुकडा हवाच. नागपूरला शहराच्या पश्चिमेचा बेसाल्ट आणि पूर्वेकडचा नाइस हा जुना पट्टेदार दगड शेजारी ठेवा. दख्खनचा लाव्हा कुठे संपतो ते तिथेच दिसतं. शिवाय कॅल्साइटचा (चुनखडीतल्या खनिजाचा) खडा, दसपट मोठं दाखवणारी चार भिंगं, व्हिनेगरची ड्रॉपरवाली बाटली आणि वीतभर दोऱ्याला बांधलेलं 10 मिलिमीटर व्यासाचं निओडिमियम चुंबक.

पहिलं वाक्य माहितीचं नसावं. घट्ट बेसाल्ट मुलाच्या हातात द्या, "काय वाटतं?" एवढंच विचारा आणि दहा सेकंद गप्प बसा. विद्यार्थ्यांना हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते. त्यांना तोंडी परीक्षेची सवय असते. मूल "जड आहे" किंवा "काळा आहे" म्हणालं की चुंबक लोंबतं धरून दगड हळूच जवळ न्या. चुंबक दगडाकडे ओढलं जातं, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. कॅल्साइटपाशी ते हलत नाही. डोक्यावरचा पंखा चालू असेल तर चुंबक उगाच हलतं आणि सगळा खेळ फसतो. टेबलाची चौकट लोखंडी असली तरी तेच, म्हणून लाकडी म्हटलं.

व्हिनेगर थेट खड्यावर टाकलं तर बुडबुडे जेमतेम येतात आणि मुलं कंटाळतात. आधी खिळ्याने खरवडून थोडी पूड करा, तिच्यावर दोन थेंब टाका आणि भिंगातून बघायला सांगा. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही सौम्य असलं तरी प्रेक्षकांच्या टेबलावर आणू नका. सुयांसारखे झिओलाइट, म्हणजे स्कोलेसाइट वगैरे, झाकणाच्या पारदर्शक डबीतच ठेवा. हातोहात फिरले तर आठवड्याभरात त्यांचा भुगा होतो.

दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो. 66 मीटर दोरा रिळावर गुंडाळून ठेवा: 1 मिलिमीटर म्हणजे 1000 वर्षं. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंतचा काळ त्यात मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरतो. दोरा व्हरांड्यात उलगडत नेला की पालकही मागून चालत येतात. आणि एक चूक आधीच खोडून काढा: सह्याद्रीची शिखरं म्हणजे जुन्या ज्वालामुखींची तोंडं नव्हेत. लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांमधून थरावर थर पसरला. शिखरं नंतर झिजून उरली. ही चूक प्रेक्षक करतातच, शिकवणारेही करतात.

पाळ्या

एका पाळीला चार विद्यार्थी आणि संग्रहालयाचा एक माणूस. मांडणी-आवराआवर धरून चार तास. सत्रात 15 शनिवार धरले तर चौघांच्या मिळून 60 पाळ्या होतात, म्हणजे 12 विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच. प्रशिक्षण मात्र 16 जणांना द्या; परीक्षा जवळ आली की गळती होतेच. पाच पाळ्यांचे 20 तास, प्रशिक्षणाचे 6, नोंदी लिहिण्याचे 4, असे 30 तास भरतात. क्षेत्रकार्याच्या हिशेबाने ते एक क्रेडिट आहे. हे क्रेडिट अभ्यास मंडळाकडून सत्र सुरू होण्याआधी मंजूर करून घ्या. नुसत्या प्रमाणपत्रावर मुलं तिसऱ्या शनिवारनंतर येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

वेळापत्रकाचा पेच खरा आहे. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत लोटतात, तर महाविद्यालयीन परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये गाठतात. परीक्षेच्या तीन आठवड्यांत टेबल बंद राहील असं तक्त्यातच छापा. जाहीर सुट्टी चालते. ऐनवेळी रिकामं टेबल दिसलं की संग्रहालयाचा विश्वास उडतो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मोठा कार्यक्रम जरूर करा, पण त्यासाठी चार शनिवार बुडवू नका.

कागद आणि पैसा

पहिलं सत्र साध्या पत्रावर चालवा: विभागप्रमुखांचं पत्र आणि संग्रहालयाचं होकारपत्र. त्याच वेळी कराराची फाइल हलवायला सुरुवात करा, कारण ती वेळ घेते. विद्यापीठाकडून सही कुलसचिवांची लागते. राज्य शासनाचं संग्रहालय असेल तर फाइल पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जाते. करार दोन पानांचा, मुदत तीन वर्षं. खरा जीव परिशिष्टांत असतो: पाळीचा तक्ता, वस्तूंची छायाचित्रांसह यादी आणि जबाबदार व्यक्ती. जबाबदारी नावाने नको, पदाने लिहा, आणि दोन्हीकडे दुसरा माणूस नेमलेला हवा. तो महिन्यातून एका पाळीला प्रत्यक्ष उभा राहिला पाहिजे. नुसता कागदावरचा दुसरा माणूस वेळेला कामाला येत नाही.

विद्यापीठाच्या पैशातून घेतलेलं भिंग संग्रहालयात राहणार असेल तर ते कुणाच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढलं हे यादीत लिहा. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न हाच येतो. विभागाच्या संग्रहातला नमुना उसना देताना त्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा आणि आधीची चीर, टवका नोंदवून दोघांच्या सह्या घ्या.

पैसे फार लागत नाहीत, पण ते वेळेवर लागतात. प्रवासखर्च आणि चहा-नाश्ता त्याच दिवशी किरकोळ खर्चातून द्या. बिलं विद्यापीठाच्या वित्त विभागात गेली की पैसे येईपर्यंत मूल पदवीधर झालेलं असतं. अनुदान फेब्रुवारीत हाती आलं आणि 31 मार्चच्या आत उडवायचं असलं, तर मोठं चालतं मॉडेल घेण्याचा मोह आवरा. ते दुरुस्त करायला पुढच्या वर्षी माणूसही नसतो आणि तरतूदही नसते.

वही

अभिप्रायाच्या वहीत "खूप छान उपक्रम" यापलीकडे काही मिळत नाही. त्याऐवजी 200 पानी वहीत तीन रकाने आखा: किती गट आले, त्यातले किती तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबले, आणि पाळीतला एक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. "दगडाला भोकं कुणी पाडली?" असा प्रश्न सुधारून लिहू नका. महिन्यातून एकदा तासभर प्राध्यापक आणि संग्रहालयाचे अभिरक्षक ही वही समोर घेऊन बसतात. उत्तरं विभाग देतो, त्यातून फलकांवरची कुठली ओळ बदलायची ते संग्रहालय ठरवतं. दोघांनाही दर महिन्याला काहीतरी हाती लागतं. असं लागेनासं झालं की बैठका रद्द व्हायला लागतात, आणि सलग दोन रद्द झाल्या तर टेबलही लवकरच बंद पडणार असं समजा.

सत्राच्या शेवटच्या दोन शनिवारी जुनी तुकडी नव्यांना त्याच टेबलावर, खऱ्या प्रेक्षकांसमोर शिकवते. पहिल्या शनिवारी नवे फक्त बघतात, दुसऱ्या शनिवारी बोलतात आणि जुने मागे उभे राहतात. मग टेबलाचं साहित्य ठेवायच्या पेटीतली एकेक वस्तू यादीप्रमाणे मोजायची, फुटलेलं-हरवलेलं लिहायचं, आणि पेटीची एक किल्ली संग्रहालयात, दुसरी विभागाच्या कार्यालयात. कुणाच्या खिशात नाही.