उकिरड्यातला कोळी राखा, गोमाशी आटोक्यात ठेवा

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारेला उभी केलेली म्हैस सारखी पाय झाडायला लागली, की आधी तिच्या नडग्या बघायच्या. घरमाशीएवढीच, पण डोकं वर करून बसलेली आणि तोंडापुढे सुईसारखी सोंड असलेली माशी दिसली, तर ती चावरी. नर-मादी दोन्ही रक्त पितात. आमच्याकडं तिला सरसकट गोमाशीच म्हणतात.

ती अंडी घालते गव्हाणीखाली, मुतात भिजून कुजलेल्या वाढ्यात (उसाच्या शेंड्यात) आणि पाचटात. ते आठवड्यातून दोनदा खरवडून काढा. हे टाळून उकिरड्यातल्या कोळ्यांच्या (जाळं विणणारे नव्हेत, माशीची अंडी खाणारे बारीक जीव, माइट) भरवशावर राहिलात तर काही हाती लागणार नाही.

आता कोळी. जुन्या उकिरड्याच्या वरच्या थरातलं ओलसर शेण पांढऱ्या ताटलीत झटका. जेमतेम मिलिमीटरभर, तांबूस-तपकिरी, तुरुतुरु पळणारे ठिपके दिसतील. शास्त्रीय नाव मॅक्रोकेलिस. हे माशीची अंडी आणि नुकत्याच फुटलेल्या अळ्या खातात. घरमाशीची तर एक मादी दिवसाला २० पर्यंत अंडी फस्त करते. शेण वाळलं की माद्या माशीच्या पोटाला लोंबकळून, एसटीच्या दाराला लटकावं तशा, दुसऱ्या ताज्या शेणावर जातात. वाटेत तिचा अंगरसही शोषतात. मेलेली माशी उलटी करून भिंगाखाली धरा, कधीकधी सापडतात. म्हशीला ते चावत नाहीत. गोचीड वेगळी, खरजेचा कोळीही वेगळा.

नवा उकिरडा घालताना जुन्याच्या वरच्या थराचं एक घमेलं त्यावर पसरा. खत उचलताना सगळं एकदम नेऊ नका. निम्मं आज न्या, निम्मं दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे उरलेल्यातले कोळी नव्या शेणात उतरतील. ओल मुठीत दाबल्यावर पाणी न गळण्याइतकीच हवी. चिखल झाला की माशीचं फावतं. आपल्याकडच्या पावसात वर पत्रा किंवा ताडपत्री लागतेच, आणि मुताला वेगळी चारी काढा.

उकिरड्यावर कीटकनाशक मारायचं नाही. लोक पहिल्यांदा तेच करतात: माशी पंधरवड्यात परत येते, कोळी मात्र लवकर येत नाहीत. गोचिडासाठी आयव्हरमेक्टिन टोचलं असेल तर त्या जनावराचं शेण काही दिवस बाजूला टाका. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.