टोमणे मारणारी जाहिरात कशी वाचायची

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मोबाईलच्या दुकानात पोरं फोनची जाहिरात दाखवत येतात, "दादा, ह्यात त्या दुसऱ्या कंपनीला पार धुतलंय, हाच घेऊ काय?" भावा, जरा दम धर.

आधी जाहिरातीची तारीख बघ. 2020 मध्ये ॲपलनं आयफोन 12 च्या बॉक्समधून चार्जर काढला. सॅमसंगनं फेसबुकवर लगेच डिवचलं, आमच्यात मिळतोय म्हणून. जानेवारी 2021 मध्ये सॅमसंगचाच गॅलॅक्सी एस21 आला, त्यातही चार्जर नाही. तोवर ती पोस्टही काढून टाकलेली! हेडफोन जॅकचं, म्हणजे हेडफोनची वायर लावायच्या भोकाचं, तेच. तो नाही म्हणून आयफोनची खिल्ली उडवून झाली आणि 2019 च्या नोट 10 मधनं सॅमसंगनंच तो काढला. म्हणून ज्यावरनं टोमणा मारलाय ती वस्तू तू घेणार त्या मॉडेलात आहे का, ते बॉक्सवर वाच.

मग "दुप्पट फास्ट"च्या शेजारची बारकी चांदणी (*) शोध. व्हिडिओ थांबव, तळातली ओळ वाच. तुलना कुणाशी? कधीकधी स्वतःच्याच जुन्या मॉडेलशी असते.

कॅमेऱ्याच्या तुलनेवर तर अजिबात जाऊ नको. दोस्ताचा फोन माग, अंधार पडल्यावर रंकाळा तलावावर जा, एकाच जागेवरनं दोन्हींनी फोटो काढ आणि मोठे करून बघ.